पावसाळी मुलखातील ध्वजारोहणाची तयारी

पाटण खोऱ्यात १५ ऑगस्ट ऐन पावसात येतो, त्यामुळे शाळेच्या ध्वजारोहणाची तयारी भाषणांपासून नव्हे, खांबावरच्या कप्पीपासून सुरू करावी. दोन दिवस आधी दोरी खालीवर ओढून पाहावी, कप्पी गंजली असल्यास तिला तेल द्यावे आणि दोरी सुती असल्यास नायलॉनची घालावी, कारण भिजून फुगलेली सुती दोरी कप्पीत रुतून बसते.

त्यानंतर ध्वज पेटीतून काढून उजेडात धरावा. फाटका किंवा विटलेला ध्वज लावता येत नाही. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ आणि चक्रात २४ आरे असावेत. ध्वजसंहितेतील, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या वापराच्या नियमावलीतील, ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरचा ध्वजही चालतो आणि पावसात तो सोयीचा पडतो, तरी आमचा जीव खादीतच अडकलेला आहे.

सर्वाधिक वेळ घडी आणि गाठीला द्यावा. घडी घातल्यावर केशरी पट्टा कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही, म्हणून त्याआधीच वरच्या फाशाला केशरी दोऱ्याचा वेढा द्यावा. ध्वजसंहितेनुसार या दिवशी आत फुलांच्या पाकळ्या ठेवता येतात. मात्र त्या कोरड्या आणि ओंजळभरच असाव्यात, ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात. बांधताना दोरी ओढताच सुटणारी सुरगाठच मारावी. एका शाळेत निरगाठ बसली होती. पाहुणे दोरीला हिसडे देत राहिले, मुले सलामीचा हात धरून ताटकळली आणि अखेर पुडके खाली घेऊन पुन्हा बांधावे लागले. म्हणून आदल्या संध्याकाळी पंच्याची तशीच घडी करून, ज्यांच्या हातून ध्वज फडकणार त्यांच्याकडूनच एकदा दोरी ओढवून घ्यावी.

रांगांसाठी फक्की रात्री टाकू नये, ती पावसाने धुऊन जाते, पहाटे टाकावी. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे आहे, तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर न राहता सूर धरणारी दोन मुले पुढे उभी करावीत.

सूर्यास्ताला ध्वज कोण उतरवणार, त्यांचे नाव सकाळीच फळ्यावर लिहावे. चढवताना ध्वज झपाट्याने चढतो, उतरवताना मात्र सावकाश, जमिनीला न टेकवता हातावर घ्यावा. तो ओला असल्यास वर्गात पसरून पूर्ण वाळवावा; मगच केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी करून पेटीत ठेवावा.