बेळगावात भाड्याने घर घेण्यापूर्वी इमारत आणि परिसर कसा पारखावा

उद्यमबागेतील एका कारखान्यात रुजू होण्यासाठी मी कराडहून बेळगावात आलो त्याला आता एकोणीस वर्षे झाली आणि तेव्हापासून चार भाड्याच्या घरांत राहून झाले आहे. पहिले घर मी मे महिन्यात अर्ध्या तासात पाहून ठरवले. भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या, खिडकीतून आंब्याचे झाड दिसत होते, भाडे परवडणारे होते. विचारण्यासारखे आणखी काही असते हे तेव्हा सुचलेच नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडील भिंत आतून ओली झाली, जुलैत रंगाचे पोपडे गादीवर पडू लागले आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास पत्नीने कपाट उघडले तेव्हा लग्नातल्या शालूच्या घडीवर पांढरी बुरशी चढलेली होती. घरमालकांना बोलावून दाखवले तर ते शांतपणे म्हणाले, “पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरात थोडी ओल येते की हो.” त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. कोणते अर्धे, ते नव्याने येणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे म्हणून हे लिहीत आहे.

बेळगाव सह्याद्रीच्या माथ्यालगत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसलेले आहे. इथला पाऊस कराड-सांगलीसारखा येऊन जाणारा नसून दिवसेंदिवस रिपरिप लागून राहणारा असतो आणि तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्यामुळे घरात पाऊल टाकताच पश्चिम कोणत्या बाजूला आहे हे प्रथम पाहावे आणि त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून काय केले आहे याची खात्री करावी. बाहेरून पत्रे ठोकलेले असतील किंवा गच्चीवर लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे छप्पर घातलेले असेल, तर नवख्या माणसाला ते कुरूप दिसते. मला मात्र आता ते पाहून हायसे वाटते, कारण त्या मालकाने पावसाशी झगडून पैसे खर्च केलेले असतात. याउलट बाकीचे घर जुनाट आणि एकाच भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ताजा रंगवलेला, असे दिसले की तिथे थांबावे. त्या पट्ट्यावर नखाने हलके ओरखडून पाहावे. खाली पांढरी, खारट भुकटी सुटत असेल तर ती जमिनीतून वर चढणारी ओल आहे आणि ती कोणत्याही रंगाने झाकली जात नाही. भिंतीतल्या कपाटाचे सर्वांत खालचे दार उघडून आत डोके घालून वास घ्यावा. मालकाला ते विचित्र वाटले तरी चालेल. कुबट वास रंगाच्या वासाखालूनही कळतो.

शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्येच पाहावे. नोकरी आणि शाळा यांचे वेळापत्रक मे-जूनचे असल्यामुळे बहुतेकांना ते जमत नाही, म्हणून दुसरा उपाय सांगतो. मालकाला विचारण्याऐवजी वरच्या मजल्यावरील भाडेकरूंच्या घरी चहाच्या वेळी जावे आणि मागच्या पावसाळ्यात कपडे कुठे वाळवले एवढेच विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरात गच्चीची गळती, जिन्यातले पाणी आणि मालकाचा स्वभाव असे सगळे आपोआप बाहेर येते. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी शेजारच्या अक्कांनी मला थेट गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीखालचा तडा दाखवला होता. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर ओल सिमेंटमधून आत जाऊन लोखंड गंजू लागले आहे असे समजावे. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते, त्यामुळे तो डाग वर्षागणिक वाढतच जातो. अशा खोलीत पाळणा किंवा पलंग त्या डागाखाली येणार असेल तर भाडे कितीही कमी असले तरी ते घर सोडावे.

पाण्याचा प्रश्न इथे गल्लीगणिक बदलतो. शहराला राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून पाणी मिळते. काही प्रभागांत चोवीस तास पुरवठ्याची योजना आधीपासून चालू आहे, तर इतर ठिकाणी पाणी काही दिवसांआड येते आणि एप्रिल-मेमध्ये हे अंतर वाढते. म्हणून घरात नळ आहे एवढे पाहून भागत नाही. पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येते, इमारतीची जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, ती किती कुटुंबांत वाटली जाते, बोअर मे महिन्यात चालते का, हे विचारावे. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी या भागांतील घरे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर येतात. तिथे नळपाणी, कचरा आणि गटार यांची जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची असते. पत्ता बेळगावचा असला म्हणून सोयी शहराच्या मिळतील असे धरून चालू नये. कॅम्पचा कारभारही वर्षानुवर्षे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे राहिलेला आहे, तेव्हा तिथे घर पाहत असाल तर तक्रार कोणत्या कार्यालयात करायची हे आधीच विचारून ठेवावे.

शहापूर, वडगाव, जुने बेळगाव या बाजूंना घर पाहत असाल तर बळ्ळारी नाला नकाशावर नव्हे, पायी चालून शोधावा. पूर्वी बासमती पिकणाऱ्या शिवारांच्या कडेने आता वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि सखल जागी भर टाकून केलेले बांधकाम पावसात आपला मूळ उतार विसरत नाही. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत नाल्याचे पाणी शेतांतून वस्त्यांत शिरले होते. “एकोणीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?” असे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारले की तो हाताने गुडघ्याची किंवा कमरेची उंची दाखवतो. ती उंची लक्षात ठेवून तळमजल्याच्या उंबऱ्याकडे, वीजमीटरच्या पेटीकडे आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे पाहावे. पुराचे पाणी टाकीत शिरले तर पुढचा आठवडा पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते.

आवाजाची चौकशी दोन वेळा, सकाळी दहानंतर आणि रात्री नऊनंतर, जाऊनच करावी. खासबाग, वडगाव या विणकरांच्या भागांत घरोघरी यंत्रमाग आहेत. तिथल्या एका घराची खोली मी रविवारी पाहिली तेव्हा ती शांत होती. सोमवारी पुन्हा गेलो आणि सामाईक भिंतीला तळहात लावला तर मागाचा ठोका थेट कोपरापर्यंत जाणवला. तो शेजाऱ्यांच्या पोटापाण्याचा आवाज आहे, त्याबद्दल नंतर तक्रार करण्यात अर्थ नाही. आपल्याला तो सोसेल का याचा निर्णय आधी घ्यावा. टिळकवाडीत रेल्वे फाटके दिवसातून किती वेळ बंद असतात हे शाळेच्या वेळेला स्वतः उभे राहून मोजावे, कारण फाटकापलीकडची शाळा नकाशावर पाच मिनिटांची आणि प्रत्यक्षात वीस मिनिटांची ठरू शकते. गावठाणातल्या गल्ल्यांत आणि कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गणेश विसर्जनाच्या रात्री गाडी बाहेर काढता येत नाही. मला स्वतःला ती रात्र आवडते, परंतु घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर ही गोष्ट हिशेबात धरावी.

कागदपत्रांपैकी तीन मी कधीच सोडत नाही. पहिले म्हणजे घरपट्टीची चालू पावती, जिच्यावरून घर नेमके कोणाच्या नावावर आहे ते कळते. दुसरे म्हणजे हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीचे बिल आणि त्यावरील आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक. कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो, परंतु त्यासाठी त्या नंबराशी तुमचे आधार जोडावे लागते, म्हणून आधीच्या भाडेकरूचे आधार तिथून काढले आहे का ते विचारून घ्यावे. बिल कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर लाजू नये, शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे. तिसरा कागद मोठी रक्कम देऊन ‘लीज’ने घर घेणाऱ्यांसाठी आहे. इथे काही मालक दरमहा भाड्याऐवजी दोन-तीन वर्षांसाठी एकरकमी काही लाख रुपये घेतात आणि मुदत संपल्यावर ते परत करतात. घरावर बँकेचे कर्ज असेल आणि ते थकले तर बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि तुमची रक्कम अडकते. त्यामुळे नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून त्या मालमत्तेची ई.सी., म्हणजे बोजाचा दाखला, काढून कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे आणि करार उपनिबंधक कार्यालयात नोंदवूनच पैसे द्यावेत. नोंदणीला मालक टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊ नये. अकरा महिन्यांच्या साध्या करारात अनामत किती, घर सोडताना रंगकामासाठी किती कापणार आणि किती दिवसांत उरलेली रक्कम परत देणार, हे आकड्यांत लिहून घ्यावे.

आणखी एक ओळ मी आता प्रत्येक करारात घालून घेतो: पावसाळ्यात छत किंवा भिंत गळाल्यास दुरुस्ती मालकाने पंधरा दिवसांच्या आत स्वखर्चाने करावी. दुसऱ्या घराच्या वेळी ही ओळ वाचून मालक थोडे हसले, चष्मा काढून त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली आणि सही केली. त्या वर्षी जून उजाडण्यापूर्वीच, मी फोन करायच्या आधी, त्यांनी गच्चीवरचा तो तडा भरण्यासाठी गवंडी पाठवला.