हायरार्कीतलं 'इतर' आणि पहिली ५, १०, १८ अक्षरं

मागणी-पुरवठ्याच्या प्लॅनिंगला लागणारे प्रॉडक्ट, लोकेशन, कस्टमर मास्टर (मूळ याद्या) म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. नवख्यांना मी एकच विचारतो: तुमच्या हायरार्कीत, म्हणजे गटांच्या उतरंडीत, एकाच मुलाला दोन बाप आहेत का, खालचा एकच कोड वरच्या दोन गटांत आहे का? "नाहीत" असं पटकन उत्तर आलं, की समजायचं, तपासलेलं नाही.

एसएपी ईसीसीत, म्हणजे कंपनीच्या रोजच्या व्यवहारांच्या सिस्टीममध्ये (ईआरपी), प्रॉडक्ट हायरार्कीचा कोड १८ अक्षरांचा. स्टँडर्ड रचना तीन पातळ्यांची, ५-५-८. आयबीपी या एसएपीच्याच प्लॅनिंग सिस्टीमसाठी फाइल करताना बरेच जण एक्सेलमध्ये त्याचे तीन तुकडे पाडतात आणि प्रत्येकाचं, प्रॉडक्टच्या माहितीतला एक रकाना म्हणून, एक अ‍ॅट्रिब्यूट करतात. दिसतं छान. पण मधला '००००९' साबणाखालीही असतो आणि शाम्पूखालीही, वर्णन दोन्हीकडे 'इतर'. ईआरपीत वरच्या पातळीचा कोड पुढे जोडलेला होता, म्हणून ते वेगळे राहिले. तुकडा पाडला आणि दोन्ही एक झाले.

प्लॅनिंग लेव्हलवर (ज्या पातळीवर आकडे एकत्र पाहतात) बेरीज करताना सिस्टीमला तुमच्या डोक्यातलं झाड दिसत नाही, फक्त अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू दिसते. प्लॅनरने व्ह्यूमध्ये फॅमिलीचा (वरच्या पातळीचा, म्हणजे साबण की शाम्पू) कॉलम घेतला नाही, तर 'इतर'ची एकच ओळ येते, ९००. त्यात साबण ६००, शाम्पू ३००. साबणाची मागणी वाढणार म्हणून तो ९००चे १२०० करतो. प्रमाणात वाटणी होते: साबण ८००, शाम्पू ४००. शाम्पूचे जादा १०० कोणी मागितलेच नव्हते, आणि साबणाला हवे होते ३००, मिळाले २००. बेरीज चोख, एरर शून्य. सप्लाय रनमध्ये, म्हणजे पुरवठ्याचा हिशेब होतो तेव्हा, त्या १००साठी बाटल्या आणि झाकणं लागतात, आणि बोलणी खातं फोरकास्टचं मॉडेल.

इलाज साधा आहे. तुकडे पाडू नका. पहिली ५, पहिली १०, मग पूर्ण १८ अक्षरं घ्या. आयडी वेगळा, वर्णन वेगळं. लोड करण्याआधी मूल आणि बाप असे दोनच कॉलम ठेवा, डुप्लिकेट काढा, मुलाच्या कॉलममध्ये प्रत्येक कोड किती वेळा येतो ते मोजा. एकापेक्षा जास्त आलं की थांबा. ही तपासणी मी आजही दर फाइलला करतो, आणि आजही पोटात गोळा येतो.

"मागच्या प्रोजेक्टचं टेम्पलेट घे आणि भर" म्हणणारे सीनियर भेटतील. टेम्पलेट घ्या, त्यातली हायरार्की नको. ती बहुधा फायनान्सच्या रिपोर्टसाठी बांधलेली असते. प्लॅनर आकडा कुठल्या पातळीवर बदलतो हे त्याच्या शेजारी बसून पाहा. माझ्या मते एवढं बसणं कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त शिकवतं.

बाकीचं थोडक्यात. एक्सेल कोडपुढची शून्यं खातं, म्हणून कॉलम टेक्स्टच ठेवा. ब्रँड आणि पॅक साइज एका झाडात कोंबू नका, स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट असू द्या. रिकामं अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे आणखी एक 'इतर'च.

पहिल्या लोडला रिजेक्शनचा ढीग आला तर घाबरू नका, तो सगळ्यांनाच येतो. रिजेक्ट झालेली ओळ निदान समोर तरी दिसते. पण प्रॉडक्ट एका फॅमिलीतून दुसरीत हलवताना जपून: अ‍ॅट्रिब्यूट बदललं की मागच्या वर्षांची विक्रीही नव्या फॅमिलीखाली दिसू लागते. हलवण्याआधी जुन्या बेरजांची एक प्रत काढून ठेवा, पुढच्या रिव्ह्यूला कोणीतरी ती मागणारच.