मोरे साहेबांचा मोर: आवाजी डिरेक्टरीत नावं भरायला बसलेल्या नव्यांसाठी

आमच्या ऑफिसात कुणाला फोन लावायचा तर बोर्डाचा नंबर फिरवायचा आणि नाव सांगायचं. पलीकडे माणूस नसतो. यंत्र नाव ऐकतं, "अमुक तमुक, बरोबर?" असं विचारतं आणि हो म्हटलं की एक्स्टेंशनला जोडून देतं. कुठलं नाव कसं उच्चारतात हे त्या यंत्राला सांगणारी फाईल माझ्या ताब्यात आहे. साडेसहा हजार नावं. या कामाला धड नावही नाही. ऑफर लेटरवर 'डेटा एक्झिक्युटिव्ह' होतं, आणि आई अजूनही नातेवाइकांना सांगते की आमची मुलगी टेलिफोन ऑपरेटर आहे.

लेक्सिकन म्हणजे उच्चारकोश काय असतो, फोन सेट म्हणजे ध्वनी रोमन अक्षरांत लिहायच्या खुणा कशा वाचायच्या, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असणार. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

नावं येतात पेरोलमधून, रोमन लिपीत. आणि यंत्राचे संस्कार इंग्रजी. शेवटी 'ई' अक्षर दिसलं की ते मुकं समजायचं, हा त्याचा बाणा. त्यामुळे दाते होतात 'डेट', साने 'सेन', माने 'मेन', काटे 'केट', लेले 'लील', गोखले 'गोखेल'. एकटे ओक तेवढे पहिल्या दिवसापासून सुखरूप, कारण त्यांचं स्पेलिंग झाडासारखं आहे आणि उच्चारही तोच.

इथे पहिली धोक्याची सूचना. टूल तुम्हाला 'अनोळखी शब्दांची यादी' काढून देतं आणि सीनियर सांगतात, एवढी तपासली की झालं. नाही होत! कुलकर्णी, देशपांडे, पंढरपूरकर त्या यादीत येतात, कारण इंग्रजी कोशात ते नाहीत. दाते, साने, माने, मोरे, गोरे, काटे मात्र येतच नाहीत. त्यांची स्पेलिंगं म्हणजे अस्सल इंग्रजी शब्द किंवा इंग्रजी नावं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशात १,३४,००० च्या वर शब्द आहेत, सगळे अमेरिकन उच्चारांचे, आणि असल्या कोशांच्या पायावरच ही यंत्रं उभी असतात. कोशात शब्द सापडला की यंत्र अंदाजसुद्धा करत नाही, छातीठोकपणे चुकतं. म्हणून 'ई'ने संपणारं प्रत्येक आडनाव हाताने बघा. कंटाळा येतो. येऊ द्या.

बोर्डावर आमच्याकडे एक ऑपरेटर बाई होत्या, निवृत्तीला आठ महिने उरलेल्या. यंत्राला नाव कळलं नाही की कॉल त्यांच्याकडे जायचा. डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्रात एम.ए. करून आलेली मी. पहिल्या आठवड्यात त्यांना मूर्धन्य आणि दंत्य समजावून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मोरे साहेबांना इथले लोक मोरे म्हणतात, अमेरिकेचा फोन आला की तो मिस्टर मोर म्हणतो. मला दोन्ही कळतं. मी मात्र जोडून देताना मोरे साहेबच म्हणते." मी मान डोलावली आणि विसरले. त्या वाक्यात माझी पुढची सगळी फजिती आधीच सांगून झाली होती. माझं ठाम मत आहे की या कामात गुरू शोधायचा तर बोर्डावर शोधा. ज्या सल्लागाराने शंभर कॉलसुद्धा हेडफोन लावून ऐकलेले नाहीत, त्याचं प्रेझेंटेशन कितीही देखणं असो, चहा पिऊन परत या.

आता मुख्य खड्डा.

उच्चारकोशासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने २००८ साली पक्का केलेला एक साचा आहे, पीएलएस नावाचा. आमची फाईल त्यातच जाते. एका नावाखाली हवे तितके उच्चार देता येतात. ऐकणारं यंत्र ते सगळे ग्राह्य धरतं. बोलणारं यंत्र मात्र त्यातला एकच उचलतं: ज्यावर 'प्रीफर'ची खूण असेल तो. खूण कुठेच नसेल तर यादीत जो पहिला तो.

हे मी वाचलेलं होतं. पण आधीच्या माणसाने खुणा केल्या नव्हत्या, बरोबर उच्चार नेहमी वर ठेवायचा एवढी शिस्त पाळली होती, आणि ती शिस्त कुठे लिहून ठेवलेली नव्हती. एका शुक्रवारी संध्याकाळी दुबार नोंदी शोधायच्या म्हणून मी सगळी शीट वर्णक्रमाने लावली. आधी नाव, मग उच्चार. कशी छान नीटनेटकी दिसली! अपलोड करण्याआधी दहा नावं बोलवून पाहिली, अगदीच बेजबाबदार नव्हते मी. दाते, काळे, साने, माने, सगळे नीट. पर्स उचलली आणि घरी गेले.

ती दहा नावं नीट का आली ते बघा, कारण खरी मेख तिथे आहे. आमच्या फोन सेटमध्ये 'आ' हा स्वर लिहितात 'ए-ए' या रोमन अक्षरांनी, आणि 'ए' हा स्वर लिहितात 'ई-वाय' असा. म्हणजे 'दाते'मध्ये 'डी'नंतर 'ए-ए', आणि 'डेट'मध्ये 'डी'नंतर 'ई-वाय'. वर्णक्रमात 'ए-ए' आधी, म्हणून बरोबर उच्चार आपोआप वरच राहिला. माने, साने, काळे, सगळ्यांचं तेच. मी योगायोग तपासत होते. मोरेचं उलटं. बरोबर उच्चारात 'एम'नंतर 'ओ-डब्ल्यू', आणि अमेरिकन 'मोर'मध्ये 'एम'नंतर 'ए-ओ'. इथे चुकीचा उच्चार वर सरकला. गोरे, कोरे, बोरसे, सगळे त्याच रांगेत. 'अ' लिहितात 'ए-एच', तो 'ए-ए'च्या खाली जातो, त्यामुळे कदमांचे 'कदाम' झाले.

सोमवारी सकाळी मोरे साहेबांना फोन करणाऱ्या प्रत्येकाला यंत्र विचारत होतं, "मोर, बरोबर?" साडेअकराला साहेब स्वतः खाली आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पिसारा कुठे ठेवू?" ते हसले. माझा मॅनेजर हसला नाही.

घाबरून मी जे केलं ते मूळ चुकीपेक्षा वाईट होतं. सगळे इंग्रजी वळणाचे उच्चार फाईलमधून उडवून टाकले. अशुद्ध ते गेलंच पाहिजे, अशी एम.ए.ची ऐट. यंत्राचं तोंड लगेच सुधारलं, कान मात्र बहिरे झाले. अमेरिकेतल्या ऑफिसमधून 'मिस्टर मोर' आणि 'मिस्टर डेट' मागणाऱ्यांचे फोन कुठेच लागेनात, सगळे ऑपरेटर बाईंकडे. दोन दिवस त्यांना जेवायला उठता आलं नाही. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी डोक्यात दोन फायली ठेवते, एक कानाची आणि एक तोंडाची. कानाच्या फायलीत फोन करणारे जसं म्हणतात तसं, वेडंवाकडं असलं तरी. तोंडाच्या फायलीत माणूस स्वतःचं नाव जसं सांगतो तसं, आणि एकच. प्रत्यक्षात फाईल एकच असेना का, प्रत्येक नावावर 'प्रीफर'ची खूण हवी. एकापेक्षा जास्त उच्चार असलेल्या नावाला बरोबर एकच खूण नसेल तर फाईल बाहेर पडूच नये, अशी स्क्रिप्ट लिहून घ्या. दहा ओळींची आहे. ती नसेल तोवर शीटला हात लावू नका, सॉर्टच्या बटणाला तर नाहीच. आणि बदललेलं प्रत्येक नाव यंत्राकडून बोलवून कानाने ऐका. नमुन्यादाखल दहा नव्हेत, बदललेली सगळी. साडेसहा हजार नावांना दोन-दोन सेकंद धरले तरी साडेतीन तासांचं काम आहे. एक दुपार जाते, इज्जत राहते.

एवढं ऐकून नोकरी सोडायचा विचार आला असेल तर थांबा. बाकीच्या चुका किरकोळ असतात आणि त्या सगळ्यांच्याच होतात. एका सहकारी मुलीचं नाव पेरोलमध्ये 'झेड-एच' घालून होतं, मी महिनाभर 'याझिनी' बोलवत होते. ती तमिळ, तिचा उच्चार आपल्या ळच्या जवळचा, 'याळिनी'. तिने एकदाही तक्रार केली नाही. लोक सोसतात, म्हणून तुम्हीच विचारायला जायचं. पण विचारताना 'उच्चार लिहून द्या' असं म्हणू नका, लोक पुन्हा स्पेलिंगच लिहून पाठवतात. "फोनवर तुमचं नाव सांगा" म्हणा आणि रेकॉर्ड करा. दोन जाधवांनी मला दोन वेगळे ज दिले. पुण्याचे सांगतात 'जाड'मधला ज, इंदुरात वाढलेले सांगतात 'जीवन'मधला. दोघेही बरोबर. म्हणून नोंद स्पेलिंगला बांधू नका, एम्प्लॉयी कोडला बांधा. पुण्याचे बाळ आणि पंजाबचे बल पेरोलमध्ये एकाच स्पेलिंगने नांदतात.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं जुनं आडनाव कानाच्या फायलीत राहू द्या, माहेरच्या नावानेच फोन करणारे निम्मे असतात. मात्र आधी त्यांना विचारून. आणि 'पाटील मॅडम', 'शिंदे सर' असं नुसतं आडनाव मागणाऱ्यांना विभाग विचारायची सोय हवी. आमच्याकडे तीन संदीप पाटील आहेत.

कानाच्या फायलीत कोंबाकोंबीही नको. वैद्य या एका नावाला मी नऊ उच्चार दिले होते, उत्साहात. मग बेदींचे फोन वैद्यांकडे जायला लागले. दोन पुरतात, फार तर तीन, आणि तेही प्रत्यक्ष कॉलमध्ये ऐकलेले. घरी बसून कल्पनेने उच्चार पाडायचे नाहीत.

एक दिलासा: लांब नावं आपोआप सुटतात. पंढरपूरकर यंत्राला कधी चुकत नाहीत. रडवतात ती आखूड नावं, लाड, वाघ, पै. फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो, त्याच्या वरचा कापला जातो. स आणि फ यांच्यातला फरक बराचसा त्या कापलेल्या भागातच असतो. नाव लांब असलं तर बाकीची अक्षरं सावरून घेतात. आखूड नावाला सावरायला कुणी नसतं.

पै मॅडमचं प्रकरण मला सात आठवडे सुटलं नव्हतं. त्यांचे कॉल चुकीच्या माणसाकडेही जात नव्हते, ऑपरेटरकडेही नाही, नुसते तुटत होते. लॉगमध्ये चूक म्हणून नोंदच नाही. शेवटी रेकॉर्डिंग ऐकली. कॉल संपवायला 'बाय' म्हणायची सोय यंत्रात होती. इंग्रजी बोलणारे शब्दाच्या सुरुवातीचा प जरा हवा सोडून उच्चारतात, आपला प कोरडा असतो आणि इंग्रजीवर पोसलेल्या यंत्राला तो ब वाटतो. लोक 'पै' म्हणत होते आणि यंत्र नम्रपणे फोन ठेवून देत होतं.

'बाय' काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पै मॅडमचा फोन खणखणायला लागला. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून विचारलं, "इतके दिवस कोण कोण फोन करत होतं, त्याची यादी मिळेल का गं?"