गाडीसाठी हायड्रोजन सेल घरी कसा बनवायचा आणि बिघडला तर कुठे बघायचं

एचएचओ सेल म्हणा, ड्राय सेल म्हणा, ब्राउन गॅसचा सेल म्हणा, वस्तू एकच. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, ते मिश्रण इंजिनच्या हवेच्या पाईपात सोडायचं. पण पत्रा कापायच्या आधी हिशोब बघून घ्या. एका कप्प्यातून, म्हणजे शेजारच्या दोन प्लेटांमधल्या पाण्यातून, १ अँपिअर गेला की मिनिटाला साधारण ११ मिली गॅस निघतो, हा फॅराडेचा नियम आहे, कुठलीही डिझाईन केली तरी याच्या वर जाता येत नाही. म्हणजे ६ कप्पे आणि १० अँपिअर धरले तर मिनिटाला ६६० मिली. भरपूर वाटतं ना, पण १.२ लिटरचं इंजिन २५०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला १५०० लिटरच्या आसपास हवा ओढतं! शिवाय त्या गॅसमध्ये ऊर्जा असते ७५ वॉटची आणि सेल खातो १३८ वॉट, तेही अल्टरनेटर फिरवून म्हणजे शेवटी इंधन जाळूनच. त्यामुळे मायलेज दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. स्टॅनली मायर पाण्यावर गाडी चालवतो म्हणायचा, १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने ती सरळ फसवणूक ठरवली. इलेक्ट्रोलिसिस स्वतःच्या हाताने करून बघायचंय म्हणून बनवणार असाल तर पुढे वाचा.

प्लेटा ३१६ एल स्टेनलेसच्याच घ्या. ३०४ स्वस्त पडतं पण लवकर खराब होतं. १२ व्होल्टच्या सिस्टिमला ७ प्लेटा लागतात, एका टोकाला प्लस, दुसऱ्या टोकाला मायनस आणि मधल्या ५ न्यूट्रल, त्यांना वायर लावायचीच नाही. असे ६ कप्पे होतात, गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट मिळतात म्हणजे कप्प्याला २.३. खरं तर २ च्या जवळ चांगलं, जे वर जातं त्याची नुसती उष्णता होते, म्हणून बरेच जण ६ न्यूट्रल टाकतात, मलाही तेच बरं वाटतं. प्रत्येक प्लेटला खाली पाण्यासाठी आणि वर गॅससाठी भोक पाडा, भोकं गरजेपुरतीच ठेवा कारण मोठ्या भोकातून करंट प्लेटा चुकवून थेट पलीकडे जातो. मग पॉलिश पेपरने आडवे-उभे ओरखडे काढा, बुडबुडे पटकन सुटतात. घासून झाल्यावर प्लेट धुवा आणि पुढे ग्लोव्ह्ज घालूनच हाताळा, बोटाचं तेल लागलं की त्या जागी गॅस नीट बनत नाही.

गॅस्केट ईपीडीएम रबराचं, बाहेरच्या दोन जाड प्लेटा एचडीपीई प्लास्टिकच्या. पॉलिकार्बोनेट नको, अल्कलीने तडकतं. अॅल्युमिनियम तर द्रावणाजवळ आणूच नका, ते विरघळतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर गळती ठरलेलीच.

आता द्रावण. डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड (हीच ती अल्कली), बस. मीठ टाकाल तर क्लोरीन निघेल, तो विषारी असतो, आणि खाण्याचा सोडा टाकला तर कार्बन डायऑक्साइड येतो आणि खाली गाळ बसतो. नेहमी पाण्यात अल्कली टाकायची, अल्कलीवर पाणी कधीच नाही, कारण ती उकळून अंगावर उडते, चष्मा आणि रबरी ग्लोव्ह्ज हवेतच. थोडी थोडी टाकत अॅमीटर बघत रहा, थंड असताना ठरवलेल्या अँपिअरच्या बरंच खाली थांबा, कारण सेल तापला की करंट आपोआप चढतो.

सेलमधून निघालेली नळी आधी बबलरमध्ये, म्हणजे गॅस पाण्यातून बुडबुडत जाईल अशा बंद डब्यात, जायला पाहिजे. हा भाग टाळायचा नाही. हे मिश्रण लायटरच्या ठिणगीपेक्षा कितीतरी छोट्या ठिणगीने पेटतं आणि ज्वाला नळीतून उलटी धावते, बबलरमधलं पाणी तिला अडवतं. बबलर प्लास्टिकचा, झाकण दाब आला की उडून जाईल असं. गॅस साठवून ठेवायचा नाही, बाटलीत नाही, फुग्यात नाही. पहिली टेस्ट उघड्यावर, आसपास विडी-सिगारेट काही नको. किती गॅस येतो ते मोजायला अर्धा लिटरची प्लास्टिक बाटली पाण्याने भरून उलटी धरा, ती किती सेकंदांत रिकामी होते बघा आणि लगेच मोकळ्या हवेत सोडून द्या.

गाडीत बसवायचाच असेल तर वायर थेट इग्निशनवर नको. इंजिन बंद पडलं आणि चावी चालू राहिली तर एअर बॉक्समध्ये गॅस भरत बसेल. ऑइल प्रेशर स्विचवरून रिले घ्या, म्हणजे इंजिन फिरत असेल तरच सेल चालेल, बॅटरीजवळ फ्यूज टाका, नळी एअर फिल्टरनंतर जोडा. सेल केबिनमध्ये अजिबात नाही.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. अँपिअर चढतच जातायत आणि सेल हात लावू देत नाही, तर द्रावण पातळ करा किंवा एक न्यूट्रल प्लेट वाढवा. करंट भरपूर पण गॅस कमी, तर मल्टीमीटर घेऊन शेजारशेजारच्या दोन दोन प्लेटांमधला व्होल्टेज मोजा, जिथे फारच कमी दिसतो तिथे प्लेटा टेकल्यात, जिथे जास्त दिसतो तो कप्पा कोरडा किंवा घाण आहे. उलट हिशोबापेक्षा गॅस जास्त दिसला तर खूश होऊ नका, वाफ मोजताय तुम्ही, थंड करून पुन्हा मोजा. पाणीही तसंच, १० अँपिअरला ६ कप्पे मिळून तासाला २० मिलीच संपायला हवं, त्याहून बरंच जास्त गेलं तर गळतंय, वाफ होतेय किंवा फेसाबरोबर बबलरमध्ये चाललंय. फेस येतो तो प्लेटांवर राहिलेल्या साबणा-तेलाचा, किंवा अल्कली जास्त झाल्याचा. बंद केल्यावर बबलरचं पाणी सेलमध्ये ओढलं जात असेल तर मधे वन वे व्हॉल्व्ह लावा. इंजिन लाईट लागला तर ऑक्सिजन सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतोय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधन वाढवतो, म्हणजे उलट नुकसान. सेन्सरला फसवायचे सर्किट विकतात ते लावू नका, सेल काढा.

पाणी चहासारखं झालं तर प्लेटा झिजतायत, स्टील हलकं निघालं किंवा करंट प्लेटेच्या मानाने जास्त आहे. त्या पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप असू शकतं, ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरून नाव लिहून ठेवायचं आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचं.