प्रतिनिधीचे मत आधी, जाहिरात नंतर: अमेरिकी काँग्रेसच्या चुरशीच्या लढतीत आरोग्यसेवेचा मुद्दा कसा तपासावा

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या एक-दोन निवडणुकांत सर्वाधिक गोंधळात टाकणारा विषय आरोग्यविम्याचा असतो. दोन्ही उमेदवार आपण आजारी माणसाच्या बाजूचे असल्याचे सांगतात, दोघांच्याही जाहिरातींत रुग्ण आणि डॉक्टर दिसतात, आणि विम्याची परिभाषा तर तिथे जन्मलेल्यांनाही जड जाते. अशा मतदारासाठी, तसेच महाराष्ट्रात राहून त्या निवडणुका बारकाईने पाहणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. येथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आणि चर्चा आहे ती तिच्या प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांची, ज्या सर्वच्या सर्व दर दोन वर्षांनी मतदारांपुढे येतात. मुख्य उदाहरण म्हणून न्यू जर्सीच्या तिसऱ्या मतदारसंघातील २०१८ची लढत घेतली आहे, कारण त्या वर्षी आरोग्यसेवेवरील वादाचे जवळजवळ सगळे धागे तिथे एकत्र आले होते.

लढत खरोखर चुरशीची आहे का, हे आधी ठरवावे. त्यासाठी मागच्या निवडणुकीतील मताधिक्य पुरेसे नसते. न्यू जर्सीच्या या मतदारसंघात रिपब्लिकन प्रतिनिधी टॉम मॅकआर्थर २०१६ मध्ये सुमारे वीस टक्क्यांच्या फरकाने निवडून आले होते. केवळ तो आकडा पाहणाऱ्याने २०१८ मध्ये तिकडे लक्षही दिले नसते. पण याच मतदारसंघाने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना कौल दिला होता, म्हणजे मतदार कोणा एका पक्षाशी बांधलेला नव्हता. म्हणून मागील तीन अध्यक्षीय निवडणुकांचे त्या मतदारसंघापुरते निकाल शेजारी शेजारी मांडावेत. कुक पोलिटिकल रिपोर्टसारख्या संस्था कोणती जागा कोणत्या पक्षाकडे किती झुकली आहे, याचे वर्गीकरण प्रसिद्ध करतात, तेही सोबत ठेवावे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे: विद्यमान प्रतिनिधीने आरोग्यविषयक विधेयकावर कोणते मत दिले, ते मूळ नोंदीत पाहणे. भारतातील वाचकाला याचे वजन चटकन जाणवत नाही, कारण आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे धोक्यात येते आणि पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही. त्यामुळे प्रत्येक मत त्या प्रतिनिधीचे स्वतःचे मानले जाते आणि त्याचा जाब त्यालाच विचारला जातो. ओबामाकेअर या नावाने ओळखला जाणारा २०१०चा आरोग्यविम्याचा कायदा मोडीत काढण्यासाठी आणलेले एच. आर. १६२८ हे विधेयक ४ मे २०१७ रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी प्रतिनिधिगृहात संमत झाले. एकाही डेमोक्रॅट सदस्याने त्याला पाठिंबा दिला नाही, आणि २० रिपब्लिकन सदस्यांनी विरोधात मत दिले. प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर सालानुसार या मतदानाचा क्रमांक २५६ शोधला की प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी दिसते. आव्हान देणारा उमेदवार नवखा असेल तर अशी नोंद नसते. तेव्हा त्या विधेयकावर त्याने काय मत दिले असते, याचे लेखी उत्तर त्याच्या प्रचार कार्यालयाकडे मागावे. तो राज्याच्या विधिमंडळात असेल तर तिथली मते पाहावीत.

मत सापडले की विधेयकाने नेमके काय केले असते, ते समजून घ्यावे. येथे घाई करू नये, कारण फसगत याच टप्प्यावर होते. मार्च २०१७ मध्ये पुरेशी मते नसल्याने ते विधेयक सभागृहातून मागे घ्यावे लागले होते. त्याला पुन्हा उभे करणारी दुरुस्ती मॅकआर्थर यांनी पुढे आणली, आणि म्हणूनच तिला त्यांचे नाव मिळाले. आधीपासूनचा आजार असलेल्या माणसाला विमा नाकारण्यास या विधेयकाने परवानगी मिळते असे समजू नये, असे त्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलेले होते, आणि मॅकआर्थर यांचे समर्थक तेच वाक्य पुढे करीत. विमा नाकारता येणार नाही, हे खरेच होते. परंतु त्याच दुरुस्तीने राज्यांना अशी सवलत मागण्याची मुभा दिली होती की, ज्याच्या विम्यात ६३ दिवस किंवा त्याहून अधिक खंड पडला असेल, त्याच्याकडून विमा कंपनीने त्याची प्रकृती पाहून हप्ता आकारावा. नोकरी गेलेला मधुमेही किंवा कर्करोगातून बरी होत असलेली स्त्री यांना दार उघडे राहिले असते, पण आत जाण्याची किंमत परवडली नसती. याशिवाय प्रसूती, मानसिक उपचार, औषधे अशा ज्या दहा प्रकारच्या सेवा २०१०च्या कायद्याने वैयक्तिक आणि लहान गटांच्या विम्यात अनिवार्य केल्या होत्या, त्यांची व्याख्या बदलण्याची सवलतही राज्यांना मागता आली असती. तेव्हा ‘संरक्षण काढून घेतले’ आणि ‘संरक्षण कायम ठेवले’ ही दोन्ही वाक्ये अपुरी होती. विमा मिळण्याचा हक्क आणि तो परवडण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणत्याही आरोग्यविधेयकाबाबत हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

याच टप्प्यावर काँग्रेशनल बजेट ऑफिसचा, म्हणजे संसदेच्या तटस्थ अर्थसंकल्पीय कार्यालयाचा, अहवाल वाचावा. निदान त्याचा सारांश आणि तक्ते तरी पाहावेत. सुधारित विधेयकावरील त्यांचा अंदाज २४ मे २०१७ रोजी आला, म्हणजे मतदान होऊन वीस दिवसांनी. हिशेब समोर नसताना मतदान घेणे ही गोष्ट मला आजही गंभीर वाटते. त्या अंदाजानुसार तेव्हाच्या कायद्याच्या तुलनेत २०२६ पर्यंत २.३ कोटी अधिक लोक विम्याविना राहिले असते, आणि मेडिकेडमधून कमी होणाऱ्यांची संख्या १.४ कोटी असती. मेडिकेड ही अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून चालवीत असलेली योजना आहे, तर मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरील लोकांसाठी केंद्राची योजना आहे. नावे सारखी असल्याने ही गल्लत वारंवार होते. शिवाय मेडिकेडला कॅलिफोर्नियात मेडी-कॅल आणि न्यू जर्सीत फॅमिलीकेअर म्हणतात, त्यामुळे आपण मेडिकेडवर आहोत हे काही लाभार्थ्यांनाही ठाऊक नसते. जाहिरातींचा भर आधीपासूनच्या आजारावर राहिला, पण विम्याबाहेर जाणाऱ्यांचा मोठा वाटा मेडिकेडच्या कपातीतून येणार होता, आणि त्याबद्दल त्या मानाने फार कमी बोलले गेले. म्हणून कपातीची रक्कम व तिचे लाभार्थी आवर्जून शोधावेत.

आता हे सारे आपल्या मतदारसंघावर बसवून पाहावे. अमेरिकी जनगणना कार्यालय विमाधारकांची, मेडिकेड व मेडिकेअरच्या लाभार्थ्यांची आणि विमा नसलेल्यांची संख्या काँग्रेसच्या मतदारसंघानुसार प्रसिद्ध करते. न्यू जर्सीचा तिसरा मतदारसंघ तेव्हा बर्लिंग्टन काउंटी आणि ओशन काउंटीच्या काही भागात पसरलेला होता, आणि ओशन काउंटीत निवृत्त व निवृत्तीच्या उंबरठ्यावरील लोकांची वस्ती मोठी आहे. पन्नाशी उलटलेला, पण मेडिकेअरचे वय न झालेला माणूस या विधेयकाने विशेष अडचणीत आला असता, कारण वयस्कर ग्राहकाकडून तरुणाच्या तिपटीऐवजी पाचपट हप्ता घेण्यास त्यात वाव होता. बजेट ऑफिसच्या तक्त्यात वार्षिक २६,५०० डॉलर उत्पन्न असलेल्या ६४ वर्षांच्या व्यक्तीचे उदाहरण दिले होते: अनुदान वजा जाता तिचा २०२६ मधील वार्षिक हप्ता प्रचलित कायद्यानुसार १,७०० डॉलर, आणि सवलत न मागणाऱ्या राज्यात नव्या विधेयकानुसार १६,१०० डॉलर. असा एखादा आकडा आपल्या गावातील माणसांच्या वयाशी आणि उत्पन्नाशी जोडला की मुद्दा मतदाराला का भिडतो, ते कळते. १० मे २०१७ रोजी विलिंगबरो येथे मॅकआर्थर यांनी घेतलेली मतदारांची खुली बैठक जवळजवळ पाच तास चालली होती.

त्या बैठकीत मॅकआर्थर यांनी लहान वयात दगावलेल्या आपल्या मुलीबद्दलही सांगितले. इलिनॉयच्या चौदाव्या मतदारसंघात त्याच वर्षी लॉरेन अंडरवुड या परिचारिकेने, स्वतःला हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्याचे सांगत, विधेयकाच्या बाजूने मत दिलेल्या रँडी हल्टग्रेन यांचा पराभव केला. अशा कहाण्या आदराने ऐकाव्यात, कारण माणूस हा विषय का हाती घेतो ते त्यांतून कळते. मात्र धोरणाचा पुरावा म्हणून त्या धरू नयेत. दुःख दोन्ही बाजूंना असते आणि मत एकाच बाजूला पडते.

जाहिरातींबाबत थोडक्यात सांगायचे तर आधी ती कोणी दिली ते पाहावे. दूरचित्रवाणीवर उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीत, हा संदेश मला मान्य आहे, असे त्याला बोलून दाखवावे लागते. बाहेरच्या गटांच्या जाहिरातीत ते नसते, म्हणून त्या सहसा अधिक कठोर असतात. जाहिरातीत विधेयकाचा क्रमांक किंवा मतदानाची तारीख बारीक अक्षरांत दिलेली असेल तर ती टिपून मूळ नोंदीशी ताडावी. काहीच दिले नसेल तर तो दावा बाजूला ठेवावा.

तरतूद कोणत्या तारखेला लागू होते, हेही नोंदवावे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्याने मेडिकेडच्या काही प्रौढ लाभार्थ्यांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रम दाखवण्याची अट घातली, पण राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे, म्हणजे नोव्हेंबर २०२६च्या निवडणुकीनंतर. याउलट, ओबामाकेअरच्या हप्त्यांवरील वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ला संपले आणि त्याची झळ निवडणुकीआधीच बसणारी होती. हे लक्षात घेतले नाही तर, अजून काहीच बिघडले नाही, या युक्तिवादाला उत्तर देता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतील डेव्हिड व्हॅलडाओ यांच्या निमित्ताने हा मुद्दा पुन्हा अभ्यासण्याजोगा आहे: मेडी-कॅलवर मोठ्या प्रमाणात विसंबून असलेल्या भागाचे हे रिपब्लिकन प्रतिनिधी २०१७च्या विधेयकाला मत देऊन २०१८ मध्ये ८६२ मतांनी हरले, २०२० मध्ये परत आले आणि २०२५च्या कायद्यालाही त्यांनी मत दिले.

शेवटी, मुद्दा खरेच निर्णायक ठरला का, हे पारखावे. २०१८च्या राष्ट्रीय मतदानोत्तर चाचणीत ४१ टक्के मतदारांनी आरोग्यसेवा हा सर्वांत महत्त्वाचा विषय सांगितला होता, पण तो आकडा देशाचा आहे, मतदारसंघाचा नाही. न्यू जर्सीच्या तिसऱ्या मतदारसंघात डेमोक्रॅट अँडी किम यांनी मॅकआर्थर यांचा सुमारे ४,००० मतांनी पराभव केला. एवढ्या अल्प फरकात कोणतेही एक कारण निर्णायक म्हणता येते, आणि म्हणूनच इतर कारणे वगळून पाहावी लागतात. डिसेंबर २०१७च्या करकायद्याने राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा घातली, जी न्यू जर्सीच्या घरमालकांना जाचक होती, आणि राज्यातील पाच रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी एकट्या मॅकआर्थर यांनी त्याला मत दिले होते. दुसरीकडे, त्याच राज्यातील सातव्या मतदारसंघाचे लिओनार्ड लान्स यांनी आरोग्यविधेयक आणि करविधेयक दोन्हींना विरोध केला, तरीही ते हरले. कोलोरॅडोचे माइक कॉफमन आणि व्हर्जिनियाच्या बार्बरा कॉमस्टॉक हे दोघेही आरोग्यविधेयकाविरुद्ध मत देऊनही हरले. पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक मात्र तसेच मत देऊन टिकले. माझा निष्कर्ष असा की त्या वर्षी आरोग्यसेवेने लढतीचा विषय ठरवला, तर अध्यक्षांविषयीच्या नाराजीने आणि उपनगरांच्या बदललेल्या कलाने लाट उभी केली. तिसऱ्या मतदारसंघात, जिथे प्रतिनिधीचे नावच दुरुस्तीला जोडलेले होते, तिथे या मुद्द्याचा वाटा इतर ठिकाणांपेक्षा मोठा धरणे योग्य ठरेल.

ही तपासणी झाली की उमेदवाराच्या खुल्या बैठकीत एकच नेमका प्रश्न विचारावा. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने असा एक प्रश्न आईवडिलांचा आहे: ग्रीन कार्डवर आलेल्या, तिथे नोकरी न केलेल्या ६५ वर्षांवरील आईवडिलांना मेडिकेअर विकत घेण्याआधी सलग पाच वर्षे तिथे राहावे लागते, आणि तोपर्यंत त्यांचा आधार बहुतेक वेळा ओबामाकेअरच्या बाजारातून घेतलेला विमाच असतो. त्या विम्याच्या अनुदानाबद्दल आणि वयानुसार हप्ता वाढवण्याच्या मर्यादेबद्दल आपण कोणत्या बाजूने मत द्याल, असे विचारून उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. मतदानाचा अधिकार केवळ नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, पण मत देऊ शकत नाहीत, आणि एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी या दोन्हींपासून दूर राहावे. प्रश्न विचारायला मात्र त्यांनाही आडकाठी नाही.