वाचनाच्या तासाआधी शब्द कसे निवडावेत

इंग्रजीचा धडा तुम्ही वाचलेला आहे, वर्ग कोणता हे माहीत आहे आणि हातात पेन्सिल आहे, असं धरून चालते. वाचून झाल्यावर मुलांना काय विचारणार, तेही ठरलेलं असू द्या. ते ठरलं नसेल तर आधी शिकवायचे शब्द निवडायला बसूच नका. मग सगळेच शब्द महत्त्वाचे वाटायला लागतात.

उदाहरणाला मी वर्गासाठी लिहिलेला एक इंग्रजी उतारा घेते. अडीचशे शब्द, आठवी, मराठी माध्यम. पूर आलेली नदी, घाईत असलेला व्यापारी आणि नाही-नाही म्हणत शेवटी नाव सोडणारा म्हातारा नावाडी. मध्यावर व्यापारी उठून उभा राहतो, तोल जाऊन पाण्यात पडतो. नावाडी त्याला ओढून काढतो आणि काठावर आल्यावर व्यापारी चूक कबूल करतो. मला विचारायचं आहे ते एवढंच: नावाडी तयार का नव्हता, आणि व्यापाऱ्याचं नेमकं काय चुकलं?

मुलांना अडतील असे वाटणाऱ्या शब्दांखाली रेघा मारा.

मग रेघा मोजा. २००० साली हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी दाखवलं की गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायची तर तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे अडीचशेत पाच अनोळखी चालतील. तुमच्या रेघा वीस निघाल्या, तर सहा शब्द आधी शिकवूनही चौदा उरतात. अशा वेळी शब्दांशी झटापट करू नका, उतारा सोपा करा. पाठ्यपुस्तकातला असेल तर दोन तासांत तोडा.

आता खोडायला घ्या. ‘स्वोलन’ (फुगलेली) खोडला, कारण आधीच तीन दिवसांचा पाऊस आलाय, नदीचं काय झालं असेल ते मुलं ओळखतात. ‘ड्रेंच्ड’ (चिंब भिजलेला) खोडला, पुढच्याच वाक्यात कपड्यांतून पाणी गळतंय. ‘ओअर’ (वल्हं) खोडला; नावाड्याच्या हातात दुसरं काय असणार? ‘हेरॉन’ (बगळा) तर नुसता काठावर उभा आहे, तो उडून गेला तरी गोष्ट अडत नाही. ‘रिलक्टंटली’ (मनाविरुद्ध) मात्र ठेवायचा, माझा पहिला प्रश्नच त्याच्यावर उभा आहे. इथवर काही अवघड नाही.

अवघड आहे ते पुढे, आणि ते मला कळायला काही वर्षं गेली. सुरुवातीला मी गाइडमध्ये असते तशी यादी करायचे. अठरा शब्द, समोर मराठी अर्थ, फळ्यावर दोन रकाने. पस्तीस मिनिटांच्या तासातली पंचवीस त्यातच जायची. पोरं लाल-निळ्या पेनानं सुंदर उतरवून घ्यायची. एकदा याच उताऱ्याला असंच केलं आणि घाईघाईनं वाचन उरकून विचारलं, व्यापाऱ्याचं काय झालं?

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, त्याले करंट लागला असन.”

दुसरा त्याच्यावर उखडला, “नदीत कुठून येईन करंट?”

“तार पडली असन ना बे!”

वर्गात कोणी हसलं नाही, यानेच माझ्या पोटात गोळा आला. पुढचं ऐका. ‘ही लॉस्ट हिज बॅलन्स’ म्हणजे त्याचा बॅलन्स संपला, फोन करता आला नाही. आणि ‘ही अ‍ॅडमिटेड’? शेवटी दवाखान्यात अ‍ॅडमिट केलं. शॉक, फोन बंद, दवाखाना. गोष्ट अगदी जुळत होती, फक्त माझी नव्हती. माझ्या अठरा शब्दांचे अर्थ विचारले असते तर सगळ्यांनी बरोबर सांगितले असते.

करंट (पाण्याची धार), बॅलन्स (तोल), अ‍ॅडमिट (कबूल करणं) यांच्याखाली मी रेघ मारलीच नव्हती. मारणार कशी? ते मला अवघड वाटत नव्हते आणि मुलांनाही वाटत नव्हते. न येणाऱ्या शब्दापाशी मूल निदान थांबतं, शेजाऱ्याला विचारतं. येतो असं वाटणाऱ्या शब्दावरून ते सुसाट जातं. मराठीनं इंग्रजीतून शब्द घेताना त्याचा एकच अर्थ उचललेला असतो, आणि उताऱ्यात नेमका दुसरा बसलेला असतो. ‘सिरीयस’ म्हटलं की आपल्याकडे माणूस आयसीयूत असतो, ‘लाइट’ म्हणजे वीज, ‘चार्ज’ मोबाइल होतो. इंग्रजी उताऱ्यात बैल ‘चार्ज’ करून आला की पोरं प्लग शोधतात.

म्हणून दुसरं वाचन करा, आणि ते टाळू नका. या वेळी अवघड शब्द शोधायचे नाहीत. जो इंग्रजी शब्द तुम्ही सकाळपासून मराठी बोलताना वापरलात, त्याला गोल करा. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, घरी, कुठेही. मग प्रत्येक गोलाला विचारा: इथे तोच अर्थ आहे का? दहातले सातआठ सुटतात. उरलेले दोनतीन तुमच्या यादीत सगळ्यात वर जायला हवेत.

इंटरनेटवरच्या मोफत शब्दयाद्यांवर विसंबू नका. ‘बँक’ नेहमीचा शब्द आहे एवढंच त्या सांगतात. पैशांची की नदीची, म्हणजे काठ, ते नाही. हेच मोजण्याची सोय मायकेल वेस्ट यांनी १९५३च्या, सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीत केली होती. त्यात कोणता अर्थ किती वेळा येतो त्याचे वेगळे आकडे दिलेत. गृहस्थांनी ढाक्यात शिक्षकांना शिकवण्यात बरीच वर्षं काढली होती, त्यांना आपली पोरं ठाऊक असणार.

गोल करूनही मन मानत नसेल तर शेजारचं एखादं पोर बसवा आणि वाक्यागणिक मराठीत सांगायला लावा. पहिल्या नंबरचं नको, मधलं घ्या. मध्येच दुरुस्त करू नका. माझ्याकडे एकीनं शांतपणे सांगितलं, “नावाडी बँकेत उभा होता.” मी चहा पीत राहिले आणि बँकेला गोल केला.

माझी शेवटची यादी अशी झाली: रिलक्टंटली, करंट, लॉस्ट हिज बॅलन्स, अ‍ॅडमिट, बँक. पाच. सहा चालतात, सातला मी स्वतःवर चिडते.

शिकवायला आठ मिनिटं पुरतात. अर्थ सांगत बसू नका, उताऱ्याबाहेरचा प्रसंग द्या. २०२३च्या सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा पाण्यात पाय का ठरत नव्हते? “धार होती!” तो करंट. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वही काढा म्हटल्यावर तुम्ही जशी काढता, ते रिलक्टंटली. ‘अ‍ॅडमिट’ शिकवताना मात्र व्यापाऱ्याचं नाव काढू नका. शेवट तुम्हीच फोडलात तर पोरांनी वाचायचं कशाला?

मग पुस्तकं उघडा. वाचताना कोणी हेरॉन म्हणजे काय असं विचारलंच तर, “पक्षी आहे, पुढे वाच.”