पीसी सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

पीसी अडकायला लागला की आपल्याकडं पहिला सल्ला मिळतो तो विंडोज नवीन टाकायचा, खरं स्क्रीनवर हार्डवेअरची वॉर्निंग येत असेल तर फॉरमॅट मारून ती जात नाही, उलट दुकानाचा हिशोब, घरचे फोटो सगळं मात्र जातं. म्हणून आधी त्या वॉर्निंगचा मोबाईलवर फोटो काढा, कुठला पार्ट बिघडलाय ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असं आलं तर बाकी सगळं सोडा, हार्डडिस्क मरायला लागली आहे. डेटा लगेच बाहेरच्या डिस्कवर घ्या, कागदपत्रं आणि फोटो आधी, पिक्चर नंतर. त्याआधी चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालवू नका, मरत्या डिस्कला तेवढा ताण झेपत नाही. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावा, पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढतच चालला असेल तर डिस्क बदलायचीच. हार्डडिस्कला जोडलेली साटा केबल ढिली असली तरी पीसी असाच अडकतो, तीपण एकदा काढून घट्ट बसवा.

'सीपीयू फॅन एरर' (सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर) आला, किंवा चालू केल्यावर थोडा वेळ बरा चालून मग हँग होत असेल तर आधी गरमीचा संशय घ्या. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग साइडचं झाकण उघडा. बेळगावच्या शहापूर-वडगावला मागाच्या शेजारी पीसी असला की हीटसिंकमध्ये (सीपीयूची गरमी ओढून घेणारा धातूचा भाग) सुताचा थर बसतो, निपाणीकडं तंबाखूची धूळ, ही वरवर फुंकून निघत नाही, ब्रश आणि ब्लोअर दोन्ही लागतात. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरा, जोरात उलटासुलटा फिरला तर खराब होतो. सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एवढं करूनही काम करताना सीपीयूचं तापमान सारखं 90 अंशांच्या वर जात असेल तर त्याचा कूलर, म्हणजे फॅन नि हीटसिंक, बदला.

खानापूरकडच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रॅमच्या (मेमरीच्या स्टिकच्या) सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, त्यानंही पीसी अडकतो. खोडरबरानं हलकं घासून, चुरा झाडून परत बसवा, दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे विंडोजमधलीच रॅमची तपासणी, चालवा.

तरी अडकतोय? इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, त्यात विंडोज लॉग्समध्ये सिस्टीम बघा. तिथं कर्नल-पॉवर 41 दिसलं म्हणून घाबरू नका, पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला एवढाच त्याचा अर्थ, करंट गेला तरी ते येतं. डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग) एरर असेल तर मात्र खरंच हार्डवेअरचं दुखणं आहे.

'सीमॉस' एरर येत असेल नि घड्याळ मागं जात असेल तर घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा आतला 2032 नंबरचा सेल बदला, काम झालं.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, घरी खोलू नका, प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघायचं काम दुरुस्तीवाल्याकडं द्या, जाताना तो वॉर्निंगचा फोटो दाखवा आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही हे आधीच सांगा.